सरी, वरंबा आणि तिकटी: पहिली-दुसरीच्या वर्गात बोटांचे ठसे

उसाचं रान बघितलेल्या मुलाला बोटाचा ठसा समजावून सांगायला दोन शब्द पुरतात: सरी आणि वरंबा. बोटाच्या पेरावरच्या उंच रेघा म्हणजे वरंबे, मधल्या खोलगट जागा म्हणजे सऱ्या. शाई लागते वरंब्याला. सरी कोरडी राहते. म्हणून कागदावर काळं उमटतं तो वरंबा आणि पांढरी राहते ती सरी. कागल-शिरोळकडच्या शाळेत हे एका दमात पोचतं. कोल्हापूर शहरात, राजारामपुरीतल्या मुलांना आधी रानाचा एखादा फोटो दाखवावा लागतो, एवढंच.

आपल्याकडे ठशांचा तास बहुतेक वेळा दोन ठिकाणी अडकतो. एक म्हणजे पोस्टर कलरमध्ये अंगठा बुडवून मुंग्या, झाडं, गणपती काढणं. चित्रकलेसाठी ते झकास आहे, पण दाट रंग सऱ्यांमध्ये भरतो आणि कागदावर नुसता गोळा उमटतो. दुसरं म्हणजे "तुझं शंख की चक्र?" एवढं विचारून थांबणं. मग मुलं घरी जाऊन सांगतात, "माझा आणि सोहमचा ठसा सेम हाय." दोघांचा आकार एक, म्हणून ठसा एक, ही समजूत वर्गातच पक्की होते आणि पुढं कुणी ती काढत नाही. आकार हे ठशाचं आडनाव समजा. माणूस ओळखायचा तर वरंबा कुठं फुटतो आणि कुठं संपतो ते बघावं लागतं. ते सहा वर्षांच्या मुलाला जमतं, फक्त ठसा तेवढा स्वच्छ यायला हवा.

स्वच्छ ठशासाठी सगळ्यात भरवशाचं सामान म्हणजे पेन्सिल आणि सेलोटेप. पेन्सिल ६बी घ्यायची, ४बी चालते. नेहमीची एचबी फिकट पडते. साध्या कागदावर तीन सेंटिमीटरचा चौकोन आखून तो आधी आडवा, मग उभा, असा दोनदा दाबून गिरवायचा. उजव्या हाताची तर्जनी त्यावर टेकवून डावी-उजवीकडं दोन-तीन वेळा डुलवायची. पेर सगळीकडं सारखं करडं दिसलं की बास. आता इंचभर रुंदीच्या टेपचा पाच सेंटिमीटरचा तुकडा घ्यायचा आणि त्याचं एक टोक अर्धा सेंटिमीटर आत दुमडायचं. हे दुमडलेलं टोक विसरलं की टेप बाईंच्याच बोटाला चिकटते आणि मुलाच्या ठशाशेजारी बाईंचा ठसा येतो. टेप बोटाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत हळूहळू बसवायची, वरून एकदाच दाबायची, सोलून काढायची आणि पांढऱ्या कार्डावर लावायची. तीस मुलं आणि प्रत्येकी दोन प्रयत्न धरले तर तीन मीटर टेप लागते. एका रिळात वर्ग आरामात होतो.

बिघडतं ते असं. बोट चकचकीत काळं दिसत असेल तर शिसं जास्त झालं. रद्दी कागदावर एकदा टेकवून मग टेप लावा, दुसरा ठसा पहिल्यापेक्षा चांगला येतो. बोट घामेजलेलं असेल तर शिशाचा चिखल होतो. कोरड्या सुती फडक्यानं पुसून मिनिटभर थांबा. जेवणाच्या सुट्टीनंतर लगेच हा तास घेऊ नका. नुकतीच धुतलेली बोटं मऊ पडलेली असतात, वरंबे चपटे होऊन एकमेकांना चिकटतात, दहा मिनिटं तरी जाऊ द्यावीत. एकेक रेघ दुहेरी दिसली तर दाबताना टेप सरकली. आणि टेप स्वस्तातली पिवळट-धुरकट असेल तर तुमचं काही चुकलेलं नाही, दुकान बदला.

दुसरी पद्धत स्टॅम्प पॅडची. लहान मुलांसाठी पाण्यानं निघणाऱ्या शाईचा पॅड घ्या. कचेरीतल्या जांभळ्या पॅडची शाई दोन-तीन दिवस बोटावर राहते आणि तोवर युनिफॉर्मलाही लागलेली असते. पूर्ण ठसा घ्यायचा तर बोट नखाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत गोल फिरवायचं. चारही बोटं अंगापासून बाहेरच्या दिशेला फिरवतात, अंगठा अंगाकडं. हात त्या दिशेला सैल सुटतो, म्हणून ठसा फरकटत नाही. मूल स्वतः जोर लावतं तिथंच घोटाळा होतो. "बोट सैल सोड, मी फिरवते, तू खिडकीकडं बघ," असं सांगितलं की निम्मे ठसे पहिल्याच फटक्यात येतात. कार्ड टेबलाच्या अगदी कडेला ठेवायचं, म्हणजे बाकीची बोटं खाली लोंबकळतात आणि मध्ये येत नाहीत. टेबल मुलाच्या कोपराच्या उंचीचं हवं. मोठ्यांच्या टेबलावर मूल टाचा उंच करतं आणि ठसा पुसटतो.

आता एक गोष्ट, जी कळली नाही तर पुढचे सगळे खेळ फसतात. टेपवरचा ठसा आणि शाईचा ठसा एकमेकांचे आरसे आहेत. टेप बोटावर लावून काढली की बोटाकडं समोरून बघताना नक्षी जशी दिसते तशीच कार्डावर दिसते. शाईचं बोट कागदावर टेकवलं की डावं-उजवं उलटतं, रबरी शिक्क्यासारखं. एका कार्डावर टेपचा ठसा घेतला आणि दुसऱ्यावर शाईचा, आणि मुलांना जोड्या लावायला सांगितल्या, तर हुशार मुलं बरोबर सांगतात की जुळत नाही, आणि बाई म्हणतात नीट बघ. बाईंचंच चुकलेलं असतं. पुढं पावडरचा खेळ (पेल्यावरचा न दिसणारा ठसा भुकटी मारून उघड करायचा) खेळणार असाल तर नमुन्याची कार्डं शाईचीच करा. पेल्यावरून टेपनं उचललेला ठसा शाईच्या ठशाच्याच दिशेचा असतो, कारण बोट पेल्यावर टेकलं तेव्हाच तो उलटलेला असतो. टेपचीच कार्डं हवी असतील तर टेप कागदाऐवजी पारदर्शक प्लॅस्टिकच्या तुकड्यावर लावा, तो पालथा केला की काम झालं.

आकार ओळखायला शंख, चक्र आणि कमान हे तीन शब्द पुरेत. शंख-चक्र घरात आजीनं सांगितलेलं असतंच. दहा चक्रं म्हणजे राजयोग वगैरे त्यातच येतं, त्याला हसून पुढं जावं. कमानीत वरंबे एका बाजूनं येतात, मध्ये उंचावतात आणि दुसऱ्या बाजूनं निघून जातात. शंखात ते ज्या बाजूनं येतात त्याच बाजूला वळून परत जातात. चक्रात मध्ये गोल किंवा भोवरा असतो. मुलं शंख आणि चक्रात गोंधळतात. त्यावर कोल्हापुरी उपाय आहे, तिकटी मोजायची. तिकटी म्हणजे तीन रस्ते भेटतात ती जागा. मिरजकर तिकटी, माळकर तिकटी ही नावं इथल्या मुलाला पाठ असतात. ठशातही तीन दिशांचे वरंबे एका ठिकाणी भेटून छोटा त्रिकोण करतात. साध्या कमानीत तिकटी नसते, शंखात एक असते, चक्रात दोन. ही तिकटी बऱ्याचदा ठशाच्या अगदी कडेला असते. बोट नुसतं टेकवलं तर ती कागदावर येतच नाही, मग चक्राचं शंख होऊन बसतं. नखापासून नखापर्यंत फिरवायचं ते याच्यासाठी.

वर्गाचा तक्ता करायचा असेल तर सगळ्यांचं एकच बोट घ्या, आणि अंगठा टाळा. अंगठा आणि अनामिकेवर चक्रं जास्त सापडतात, करंगळीवर जवळपास सगळे शंखच. विविधता बघायची तर तर्जनी. कमानी त्यातल्या त्यात तिथंच भेटतात. दहाही बोटांचं सगळं मिळून बघितलं तर जगभरात साधारण ६० ते ६५ टक्के शंख, ३० ते ३५ टक्के चक्रं आणि पाचेक टक्के कमानी असा हिशेब सांगतात. तीस मुलांचे तीनशे ठसे घेतले तर कमानी पंधराच्या आसपास निघाव्यात. आशियातल्या लोकांत चक्रांचं प्रमाण थोडं जास्तच असतं, म्हणून तुमच्या तक्त्यात चक्रं वाढली तर पुन्हा मोजत बसू नका. दुसरीच्या मुलांना फळ्यावर रकाने आखून द्यावेत आणि प्रत्येकानं आपलं कार्ड स्वतः लावावं. आयता काढलेला आलेख त्यांना भिंतीवरच्या कॅलेंडरसारखा वाटतो.

खरी मजा मात्र यानंतर आहे. चांगल्यातला एक ठसा निवडा आणि झेरॉक्सच्या दुकानात ४०० टक्के मोठा करून घ्या. मशीन २०० पर्यंतच जात असेल तर मोठी केलेली प्रत पुन्हा २०० करायची. दोन सेंटिमीटरचा ठसा आठ सेंटिमीटरचा होतो आणि वरंबे स्केचपेननं गिरवता येतात. मुलांना शोधायच्या तीनच गोष्टी: फाटा म्हणजे एका वरंब्याचे दोन होतात तो, शेवट म्हणजे वरंबा मध्येच थांबतो तो, आणि बेट म्हणजे आजूबाजूला काही नसलेला एकटा ठिपका किंवा तुकडा. फाट्याला लाल गोल, शेवटाला निळा, बेटाला हिरवा. पाच गोल झाले की थांबायचं. मग त्याच आकाराचा दुसऱ्या मुलाचा ठसा शेजारी ठेवायचा. दोघांचेही शंख, तोंडं एकाच बाजूला, पण एकाच्या मध्यापासून तिसऱ्या वरंब्याला फाटा आणि दुसऱ्याच्या तिसऱ्याला काहीच नाही. हे मुलानं स्वतः बोट ठेवून दाखवलं की "सेम हाय" तिथंच संपतं. वर्गात जुळी भावंडं असतील तर हा भाग त्यांच्यापासून सुरू करा. एकसारख्या जुळ्यांचे आकार पुष्कळदा मिळतेजुळते असतात, फाटे मात्र वेगळे. ही नक्षी आईच्या पोटात साधारण दहाव्या ते सतराव्या आठवड्यात ठरते. अनुवंश दोघांचा एक असला तरी पोटात कोण कसं वळलं, कुठं किती दाब आला, हे दोघांचं वेगळं असतं.

भिंग वापरणार असाल तर तीन ते पाच पट मोठं करणारं पुरे. मुलं भिंग डोळ्यापासून हातभर लांब धरतात आणि सगळं धूसर दिसतं म्हणतात. भिंग कार्डावर ठेवून हळूहळू वर उचलायला सांगा, स्पष्ट दिसलं की तिथंच हात थांबवायचा.

पावडरचा खेळ सगळ्यांना हवा असतो आणि फसतो तोही हाच. तळहाताला तेलाच्या ग्रंथी नसतात, फक्त घामाच्या. बोटावरचं तेल येतं नाक, कपाळ आणि केसांवरून. आताच हात धुतलेलं मूल पेल्यावर काहीच सोडत नाही, आणि डोक्याला चप्प खोबरेल लावून आलेलं मूल नुसते डाग सोडतं. म्हणून बोट नाकाच्या बाजूला एकदा फिरवायचं, फडक्यावर एकदा टेकवायचं आणि मग काचेवर दोन सेकंद दाबून सरळ वर उचलायचं. लहान मुलांचे असे न दिसणारे ठसे मोठ्यांच्या ठशांपेक्षा लवकर विरतात, कारण त्यांच्या त्वचेवरचे पदार्थ लवकर उडून जाणारे असतात. सकाळी पेले तयार ठेवून दुपारी पावडर मारू म्हटलं तर हाती काही लागणार नाही. ठसा दिला की त्याच तासात पावडर.

पांढऱ्या चिनीमातीच्या कपावर शिशाची भुकटी सगळ्यात छान बसते. पेन्सिलचं शिसं बारीक पॉलिश पेपरवर घासून अर्धा चमचा केली की वर्गाला पुरते. हे काम बाईंनी आदल्या दिवशी करून ठेवावं. कोको पावडरही चालते. काचेच्या पेल्याला टाल्कम लावून आत काळा कागद गुंडाळायचा. खडूची भुकटी भरड असते, धरत नाही. हळद तर आणूच नका, ठसा राहतो बाजूला आणि वर्ग पिवळा होतो. ब्रश मेकअपचा, मऊ आणि कोरडा हवा. टोक भुकटीत जेमतेम बुडवून झटकायचं आणि केसांची टोकं फिरवत वरून न्यायची. वरंबे दिसायला लागले की त्यांच्याच दिशेनं एकदा, आणि हात काढायचा. मुलं इथं रंगकाम केल्यासारखा ब्रश घासतात, म्हणून पहिला ठसा बळी जाणार हे धरूनच प्रत्येकाला दोन ठसे द्यायला लावा. पंखा बंद, खिडकी उघडी, आणि कुणी फुंकर मारायची नाही. पावडर नाकातोंडात जाऊ नये आणि ठसाही उडू नये. खरबरीत बाक, कापड, पुठ्ठा, चरे पडलेलं स्टील यांच्यावर पावडरनं काही येत नाही.

कोल्हापुरात जून ते सप्टेंबर हा तास ठेवूच नये. पावसाळ्यात काचेवर ओल धरते, भुकटीच्या गुठळ्या होतात आणि ब्रश जाईल तिथं काळं फासतं. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत हवा कोरडी, हातही बेताचे कोरडे. एप्रिलच्या दुपारी घामाचे ठिपके जास्त आणि वरंबे कमी दिसतात.

याच ठशांवर "भडंग कुणी खाल्लं?" खेळता येतं. डब्याशेजारी एक पेला, त्यावर एक ठसा, आणि चार किंवा पाच संशयितांची शाईची कार्डं. तीस कार्डं ठेवली तर दहा मिनिटांत मुलं अंदाजपंचे दाहोदरसे करायला लागतात. संशयितांत मुलं घेऊ नका. एकदा "चोर" म्हटलेलं पोर आठवडाभर चोरच राहतं. शाळेतल्या मावशी, शिपाईमामा, दोन बाई आणि एक सर, अशी मोठी माणसं घ्या, त्यांच्या संमतीनं. सगळी मोठी असली की आकारमानावरून ओळखण्याची पळवाटही बंद होते, कारण लहान मुलांचे वरंबे बारीक आणि जवळजवळ असतात, मोठ्यांचे रुंद. पाचांतल्या तिघांचा तरी आकार एकच असावा, म्हणजे फाट्यापर्यंत जावंच लागतं. ठसा अर्धवट आला तरी टाकू नका, तिकटी आणि दोन फाटे दिसत असतील तर खेळ होतो.

फुग्यावर ठसा घेऊन फुगवला की वरंबे मोठे दिसतात. फिकट रंगाचा न फुगवलेला फुगा, गडद स्केचपेननं रंगवलेलं बोट, मिनिटभर वाळू द्यायचं, मग फुगवायचा. रबर ताणलं की शाई फिकी पडते, म्हणून गडदच हवी. फुगवणं बाईंनीच, पंपानं. फुटलेल्या फुग्याचे तुकडे लहान मुलांच्या तोंडात जाता कामा नयेत. शाडूच्या मातीत दाबलेला ठसा हा आणखी एक प्रकार, त्यात वरंब्याचा खड्डा होतो आणि सरी वर येते. गणपतीच्या दिवसांत शाडू सहज मिळतो. माती बोटाला चिकटत असेल तर ती अजून ओली आहे, अर्धा तास वाऱ्यावर ठेवा. कणीक वापरू नका, ती ताणून परत मूळ जागेवर येते आणि ठसा बुजतो.

मुलांचे प्रश्न ठरलेले असतात. "आजीचा अंगठा रेशनच्या मशीनला लागत नाही, का?" वर्षानुवर्षं राबून वरंबे झिजतात, वयानं त्वचाही सैल आणि कोरडी पडते. मशीनला सरी-वरंबा वेगळा दिसत नाही. "विळीनं कापलं तर ठसा बदलतो?" वरवर कापलं तर तोच परत येतो. खोल गेलं तर व्रण राहतो आणि ठशात पांढरी रेघ दिसते, म्हणजे ओळखायला आणखी सोपं. आधारचा विषयही निघतोच. पाच वर्षांच्या आतल्या मुलाचे ठसे आधारला घेत नाहीत, पाचव्या आणि पंधराव्या वर्षी घ्यावे लागतात. पहिलीतली बरीच मुलं नुकतीच त्या मशीनवर बोटं टेकवून आलेली असतात, तो अनुभव वापरा.

मोठ्या वर्गांना थोडा इतिहास सांगता येतो, आणि तो आपल्याच देशातला आहे. १८५८ साली बंगालमध्ये विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्यानं राज्यधर कोनाई या कंत्राटदाराच्या करारावर त्याच्या पंज्याचा ठसा घेतला. १८९७ साली कलकत्त्यात ठशांची कचेरी निघाली. तिथं अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी ठशांच्या वर्गवारीचं गणित बसवलं, १०२४ गटांचं. ती पद्धत ओळखली जाते साहेबाच्या, एडवर्ड हेन्रीच्या नावानं. आपल्याकडं जुन्या खरेदीखतांवर "नि. डा. अं." दिसतं, निशाणी डाव्या अंगठ्याची. शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, तेव्हा अंगठ्याऐवजी सही यावी हा हिशेब होताच. अंगठाबहाद्दर ही शिवी या अंगठ्यावरूनच. आज पदवीधरही रेशनला अंगठाच लावतो, याची गंमत चौथीच्या मुलांना बरोबर कळते.

तास संपला की बोटांना आधी खोबरेलाचा थेंब, मग फडकं, मग साबण. थेट पाण्याखाली हात नेला की शिसं पसरतं. कार्डांवर पूर्ण नाव घालू नका, एक खूण किंवा आकडा पुरे. कार्डं त्याच दिवशी मुलांच्या दप्तरातून घरी जाऊ द्या. पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ठशांचे जवळून काढलेले फोटो टाकू नयेत. मुलांचे हसरे चेहरे चालतात म्हणून ठसेही चालतील असं नाही, याच ठशांवर उद्या त्यांचं रेशन आणि बँक चालणार आहे. ज्या मुलाला बोट नाही किंवा हाताला इसब आहे त्याला तळव्याचा किंवा पायाच्या अंगठ्याचा ठसा घेऊ द्या, वरंबे तिथंही आहेत.

घरचा अभ्यास द्यायचाच असेल तर गोठ्यातला द्या. गाई-म्हशींच्या नाकावरची खडबडीत नक्षीही प्रत्येक जनावराची वेगळी असते. शाई लावायची नाही, मोठ्या माणसाला सोबत घेऊन मोबाइलवर समोरून फोटो काढायचा. आधी नाक कोरड्या फडक्यानं पुसायचं आणि चटकन फोटो घ्यायचा, कारण म्हैस लगेच जीभ फिरवून ते पुन्हा ओलं करते आणि चमक आली की नक्षी दिसत नाही. दोन म्हशींचे फोटो आणायला सांगा, एकाच म्हशीचे दोन नव्हेत.